आयडी (नकाशा-संपादक)

आयडी : ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या जगनकाशावर रस्ते, इमारती, ओढे, विहिरी, दुकाने काढण्याचे व दुरुस्त करण्याचे ब्राउझरमधील साधन. ते वापरायला वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. संकेतस्थळावर खाते उघडले आणि ‘संपादन’ दाबले की नकाशा लिहिता होतो. नकाशा करणे हे सर्वेक्षण खात्याचे किंवा मोठ्या कंपनीचे काम, ही समजूत मोडण्यात या साधनाचा वाटा मोठा आहे.

ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात स्टीव्ह कोस्ट यांनी २००४मध्ये ब्रिटनमध्ये केली. सुरुवातीचे कार्यकर्ते जीपीएस यंत्र घेऊन रस्ते पायी किंवा सायकलने पालथे घालत आणि घरी येऊन त्या मागावरून रेषा काढत. त्यासाठी जावा या संगणकभाषेत लिहिलेले ‘जोसम’ हे संपादन-साधन होते. अनुभवी मंडळी आजही तेच पसंत करतात, पण नवख्याला ते पाहताक्षणी धडकी भरते. ब्राउझरमध्ये चालणारे ‘पॉटलॅच’ रिचर्ड फेअरहर्स्ट यांनी लिहिले. ते सोपे होते, मात्र फ्लॅश या ब्राउझरमधील जुन्या तंत्रावर बेतलेले होते आणि फ्लॅशचे दिवस भरत आले होते (अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला). फेअरहर्स्ट यांनी स्वतःच पुढचे पाऊल टाकले आणि जावास्क्रिप्टमध्ये आयडीचा आराखडा मांडला. २०१२मध्ये अमेरिकेतील नाइट फाउंडेशनने ओपनस्ट्रीटमॅपच्या साधनांसाठी ५,७५,००० डॉलरचे अनुदान दिले. त्यातून मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीच्या चमूने डी-थ्री या चित्रणासाठीच्या तयार जावास्क्रिप्ट-संचाच्या आधारे आयडी नव्याने उभे केले. मे २०१३मध्ये ते संकेतस्थळावर आले आणि त्याच वर्षी नेहमीचे संपादक ठरले.

नकाशातील सगळा मजकूर तीन गोष्टींत मावतो : बिंदू, बिंदू जोडून झालेली रेषा आणि अनेक घटकांना एकत्र बांधणारे नाते (उदाहरणार्थ, एका बसमार्गातले सगळे रस्ते). बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत नोंदले जातात, म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर. ही अचूकता फक्त आकड्यांची आहे. हात चालतो तो उपग्रहचित्रावर, आणि चित्र जागेवरून सरकलेले असू शकते. २०१०मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या बिंग नकाशांतील उपग्रहचित्रे गिरवायला परवानगी दिल्यापासून घरबसल्या नकाशा काढणे शक्य झाले, पण डोंगराळ मुलखात चित्र आणि प्रत्यक्ष जागा यांत काही मीटरांचा फरक पडतो. म्हणून आयडीत पार्श्वभूमी सरकवून जीपीएसच्या मागांशी जुळवून घेण्याची सोय ठेवली आहे. नवख्यांनी सर्वांत आधी शिकावी ती हीच गोष्ट.

आतली रचना विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक कृतीनंतर जुना नकाशा बदलला जात नाही. नवी स्थिती तयार होते आणि न बदललेले भाग जुन्या-नव्यांत सामाईक राहतात. त्यामुळे कितीही पावले मागे जाणे स्वस्त पडते. न पाठवलेले काम ब्राउझरच्या साठ्यात राहते, म्हणून वीज गेली तरी तासाभराची मेहनत सहसा वाया जात नाही. काम पाठवताना बदलांचा एक संच तयार होतो आणि त्यासोबत चार शब्दांचा खुलासा लिहायचा असतो. प्रत्येक घटकाला आवृत्तिक्रमांक असतो. मधल्या काळात दुसऱ्याने तोच रस्ता बदलला असेल तर सर्व्हर बदल नाकारतो. सुरुवातीला इथेच गाडी अडे. पुढे ‘माझे ठेवा’ की ‘त्यांचे घ्या’ असे विचारणारा पडदा जोडला गेला. एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपानंतर जगभरचे हजारो स्वयंसेवक एकाच वेळी त्याच खोऱ्यांतील वाटा व घरे काढत होते. अशा प्रसंगी या सोयीचे मोल कळते.

तरीही आयडीचा खरा गाभा रेषा काढण्यात नाही, शब्दांत आहे. वापरणारा यादीतून ‘शाळा’ किंवा ‘विहीर’ निवडतो आणि त्यामागचे टॅग, म्हणजे घटक कशाचा आहे हे सांगणाऱ्या खुणा, साधन लिहून टाकते. म्हणजे यादीत जे सहज सापडते तेच नकाशावर जास्त येते. हे टॅग ब्रिटिश इंग्रजीत घडले आहेत. आपल्याकडची पाणंद, दोन्ही बाजूंना कुंपण आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट, तिला शेतरस्ता म्हणायचे की पायवाट? उत्तर त्या पाणंदीवरून आज ट्रॅक्टर जातो की नाही यावर ठरते आणि ते गावातल्या माणसालाच ठाऊक असते. यादीचे भाषांतर स्वयंसेवक करतात, त्यामुळे मराठी शब्द कोणता लावला जातो यालाही वजन आहे. नावांसाठी मात्र भाषेनुसार वेगळे रकाने आहेत. बेळगावचे मराठी, कन्नड आणि इंग्रजी नाव एकाच बिंदूवर शेजारी-शेजारी नांदू शकते.

सुधारणांवरचे मोठे वादही शब्दांवरूनच झाले. २०१९मध्ये आयडीत तपासण्या आल्या : रस्ता इमारतीतून गेला आहे, दोन रस्ते टेकता टेकता राहिले आहेत, अशा सूचना. त्याच काळात रेल्वे फलाटांवर पादचारी मार्गाचा टॅग आपोआप सुचवला जाऊ लागला आणि जुन्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. टॅग कसे वापरायचे हे समुदाय ठरवतो, ते संपादकाने परस्पर ठरवू नये, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. कारण एका सूचनेवर हजारो लोक विचार न करता होकार देतात. असे तंटे सोडवण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने २०२०मध्ये एक मंडळ नेमले. २०२१पासून देखभालीसाठी फाउंडेशनचा पगारी विकसक आहे. ‘शाळा’, ‘विहीर’ अशा प्रकारांची यादी साधनाच्या मुख्य संहितेपासून (प्रोग्रामच्या मजकुरापासून) वेगळी काढली गेली. तीच यादी आता स्ट्रीटकम्प्लीट, एव्हरी डोअर यांसारखी मोबाइल-साधनेही वापरतात.

आयडीची संहिता मुक्त परवान्याखाली आहे आणि नकाशातील माहिती २०१२पासून ओडीबीएल या खुल्या माहितीसाठीच्या परवान्याखाली. गूगलच्या भारतातील अभियंत्यांनी घडवलेल्या ‘मॅप मेकर’शी हा फरक ताडून पाहावा. २००८मध्ये सुरू झालेल्या त्या साधनावर भारतीयांनी हौसेने गल्ल्या-वाड्या भरल्या. २०१७मध्ये ते बंद झाले आणि भरलेली माहिती कंपनीकडे राहिली. आयडीच्या बाबतीत, संहिता खुली असल्यामुळे, उलट घडले. २०१९मध्ये फेसबुकने त्याच संहितेवरून ‘रॅपिड’ हा वेगळा संपादक काढला. त्यात उपग्रहचित्रांतून यंत्राने ओळखलेले रस्ते जांभळट गुलाबी रेषांत दिसतात आणि संपादन करणारा एकेक रेषा तपासून घेतो किंवा सोडून देतो.