‘शक्यता आहे’ म्हणजे किती आणे?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. अमळनेर तालुक्यातलं आमचं शेत फुटलेल्या बोंडांनी पांढरंशुभ्र झालं होतं आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. त्यातच मोबाइलवर संदेश आला: ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.’ मला ‘शक्यता’ हा शब्द खुपला. जास्त मजुरी देऊन का होईना, उद्याच वेचणी धरू, असं मी म्हणालो. काकांनी, म्हणजे आमच्या नानांनी, ‘तुरळक’ हा शब्द धरला. “तुरळक शे ना, मंग कसानी चिंता!” आम्ही थांबलो.

तिसऱ्या रात्री पाऊस आला. दोन दिवसांनी रानात पाय ठेवता आला तेव्हा कापूस बोंडातून निघत नव्हता. ओल्या धाग्यांचा गोळा टरफलाला चिकटून बसला होता, आणि उकलून पाहिला तर आत सरकीला बारीक हिरवे कोंब फुटलेले. बराच माल पिवळा पडला, कवडी झाली. व्यापाऱ्याने मूठभर कापूस बोटांनी चोळून पाहिला आणि न बोलता भाव उतरवला.

अंदाज चुकला होता का? नाही. हवामानशास्त्राच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना ठरलेलं माप आहे. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडला, तर तो तुरळक. २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी आणि त्याच्या वर बहुतांश ठिकाणी. म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द पाऊस किती जोराचा हे सांगतच नाही, फक्त किती ठिकाणी हे सांगतो. आम्ही दोघं एकच वाक्य वाचत होतो. ते त्यांनी त्यांच्या मापाने वाचलं, मी माझ्या, आणि लिहिणाऱ्याचं माप तिसरंच होतं.

हे घरात घडतं तसं राष्ट्रांच्या गुप्तचर संस्थांतही घडलं आहे. तिथे डाव मोठा असतो, म्हणून त्यांनी या दुखण्यावर जो इलाज शोधला तो मला मोलाचा वाटतो.

१९५१ चा मार्च महिना. युगोस्लाव्हिया सोव्हिएत गोटातून फुटून निघाला होता आणि त्याच्यावर हल्ला होईल का, हा प्रश्न अमेरिकेपुढे होता. गुप्तचर अहवालात वाक्य लिहिलं गेलं की १९५१ मध्ये असा हल्ला होणं ही ‘गंभीर शक्यता’ मानावी. अंदाज लिहिणाऱ्या गटातले शर्मन केंट हे मूळचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने त्यांना सहज विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे नेमकी किती? केंट म्हणाले, माझ्या मते शंभरात पासष्ट. समोरचा माणूस चपापला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांचा अर्थ बराच कमी धरला होता.

खरा धक्का पुढे आहे. केंट परत आले आणि ज्यांनी ज्यांनी त्या वाक्याला मान डोलावली होती, त्या आपल्याच सहकाऱ्यांना एकेक करून विचारलं, तुमच्या मनात आकडा कोणता होता? कोणाच्या मनात शंभरात वीस होते, तर कोणाच्या मनात ऐंशी. वाक्यावर एकमत झालं होतं, अर्थावर झालंच नव्हतं. शब्द इतका ऐसपैस होता की प्रत्येकजण त्यात आपापलं मत घेऊन मावला.

यातून केंट यांनी शब्दांचा तक्ता बांधला. ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे ९३ टक्के, सहा इकडे सहा तिकडे. ‘संभाव्य’ म्हणजे ७५, बाराच्या फरकाने. ‘निम्मेनिम्म’ म्हणजे ५०, दहाच्या फरकाने. ‘बहुधा नाही’ म्हणजे ३० आणि ‘जवळजवळ नक्की नाही’ म्हणजे ७. १९६४ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि आपल्या खात्यात दोन जाती असल्याचं सांगितलं: कवी आणि गणिती. कवींचं म्हणणं, भाषेला आकड्यांच्या दावणीला बांधू नका, वाचणाऱ्याला संदर्भातून कळतं. गणिती म्हणत, कळत नाही, म्हणून तर बांधायचं. त्या काळी कवी जिंकले. तक्ता कधी सक्तीचा झाला नाही.

दरम्यान १९६१ चा एप्रिल येऊन गेला होता. क्यूबातली कॅस्ट्रोंची राजवट उलथवायला तिथे सुमारे १,४०० निर्वासित बंडखोर उतरवण्याच्या बेतावर अमेरिकी लष्करप्रमुखांचा अभिप्राय मागितला गेला, आणि यशाची ‘बऱ्यापैकी संधी’ आहे असा अहवाल अध्यक्ष केनेडींपर्यंत पोहोचला. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ शंभरात तीस होता, म्हणजे फसण्याचीच शक्यता दुपटीहून जास्त. आकडा कागदावर आला नाही. अकराशेहून जास्त माणसं कैद झाली आणि शंभरावर मेली. केवळ एका शब्दामुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही, त्या बेतात इतरही पुष्कळ भोकं होती. पण ‘तीस टक्के’ हे दोन शब्द समोर असते तर निदान एक प्रश्न तरी जास्त विचारला गेला असता.

पुढे नाटोच्या २३ लष्करी अधिकाऱ्यांपुढे अशाच शब्दांची वाक्यं ठेवून आकडे विचारले गेले, तेव्हाही उत्तरं पिंजलेल्या कापसासारखी विखुरली. सारे शिकलेले, अहवाल वाचणं हेच ज्यांचं काम, अशी माणसं होती. तेव्हा शेतकऱ्याला अंदाज कळत नाही, असं कोणी म्हणालं की मला हा प्रयोग आठवतो.

सक्ती यायला इराक युद्ध लागलं. महासंहारक शस्त्रांबद्दलचा २००२ चा अंदाज किती ठाम भाषेत लिहिला होता आणि पुरावा किती पातळ होता, हे उघड झाल्यावर अमेरिकेत सगळ्या गुप्तचर संस्थांवर एक संचालक नेमला गेला आणि २००७ मध्ये लेखनाची समान नियमावली आली. २०१५ च्या तिच्या आवृत्तीत शब्दांची शिडी आहे. ‘संभव नाही’ म्हणजे २० ते ४५ टक्के, ‘जवळपास निम्मेनिम्म’ ४५ ते ५५, ‘संभव आहे’ ५५ ते ८०, ‘दाट संभव’ ८० ते ९५. ब्रिटनची शिडी वेगळी आहे. तिच्या पायऱ्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडली आहे, म्हणजे दोन शब्द एकमेकांत घुसत नाहीत.

या नियमावलीतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. एखादी घटना घडण्याची शक्यता आणि आपल्या अंदाजावरचा आपला विश्वास, या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळायच्या नाहीत. मे महिन्यात भुसावळचा पारा ४२ अंशांच्या वर जाईल, इथे शक्यताही मोठी आणि विश्वासही पक्का, कारण वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. नाणं उडवलं तर छापा पडण्याची शक्यता निम्मी, पण त्या ‘निम्मी’वर विश्वास पूर्ण. आणि पुढच्या दिवाळीत कापसाचा भाव चढेल का? तिथेही मी निम्मी शक्यता सांगेन, पण त्या निम्मीमागे माझ्याकडे काहीच नाही. आकडा एक, वजन वेगळं.

बातमी आणि बातमीदार यांनाही असंच वेगळं तोलतात. नाटोच्या देशांत वापरात असलेल्या पद्धतीत बातमीदाराला ए ते एफ अशी अक्षरं आणि बातमीला १ ते ६ असे आकडे देतात. भरवशाचा माणूस खोटी बातमी आणू शकतो आणि बेभरवशाचा माणूस खरी, म्हणून दोन रकाने वेगळे. बाजार समितीतून ‘भाव पडणार’ अशी बातमी येते तेव्हा आपण ती कोणी आणली एवढंच पाहतो आणि दुसरा रकाना रिकामा सोडतो.

आपल्याकडे १९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने वेगवेगळ्या संस्थांची माहिती एकत्र बसून तपासण्याची व्यवस्था किती अपुरी आहे, हे स्पष्ट लिहिलं. त्यानंतर अनेक संस्थांना जोडणारं केंद्र उभं राहिलं आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ते चोवीस तास चालू झालं. पण संस्था एका टेबलावर आल्या तरी त्यांचं माप एक नसेल, तर बोलणं आमच्या ओसरीवरच्यासारखंच होतं.

माप एक नसण्याचा अनुभव खानदेशाला नवा नाही. खंडी हाच शब्द घ्या. धान्याची खंडी वीस मणांची. जिनिंगवाला रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, खंडीचा भाव सांगतो तेव्हा ती असते ३५६ किलोंची. मणाचंही तेच: मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांच्या वर. मुंबईच्या मणात बोलणाऱ्याने बंगालच्या मणात ऐकणाऱ्याला माल विकला असता तर हिशेब जवळजवळ तिप्पट फिरला असता. १९५६ च्या कायद्याने वजनमापं एक केली. शब्दांच्या मापांचं असं अजून झालेलं नाही. इंग्रजीतला ‘लाइकली’ अमेरिकी गुप्तचरांकडे ५५ ते ८० टक्के असतो, जागतिक हवामान बदलाच्या अहवालांत ६६ च्या वर, आणि भारतीय हवामानाच्या पत्रकात २५ ते ५०. आपण तिन्हींचं मराठी ‘शक्यता आहे’ असंच करतो.

मग तक्ता छापला की झालं? दुर्दैवाने नाही. हवामान बदलाच्या अहवालातली वाक्यं २४ देशांतल्या माणसांना, १७ भाषांत वाचायला देऊन पाहिली गेली. तक्ता समोर असूनही लोक मोठी शक्यता कमी आणि छोटी शक्यता जास्त धरत होते, सगळे मध्याकडे सरकत होते. आकडा शब्दाच्या शेजारीच, त्याच वाक्यात लिहिला तेव्हा हे सरकणं कमी झालं.

आकड्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: तो नंतर तपासता येतो. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९५० मध्येच त्याची रीत दिली. घडलं तर १, नाही घडलं तर ०, त्यातून तुमचा अंदाज वजा करा, वर्ग करा आणि सरासरी काढा. जितका आकडा लहान तितका अंदाज चांगला. कॅनडात गुप्तचर विश्लेषकांचे १,५१४ अंदाज असे तपासले, तेव्हा ते बरेच अचूक निघाले. दोष उलटा होता. विश्लेषक गरजेपेक्षा जास्त बिचकत होते, ‘दाट संभव’ म्हणायच्या जागी ‘संभव’ म्हणत होते. नोंद नसती तर हे कळलंच नसतं.

नानांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा टक्क्यांवर त्यांचं मन बसेना. ‘आण्यात सांग’ म्हणाले. बरोबरच होतं. पिकाची पैसेवारी आजही जाहीर होते, पण जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून आणेवारीच आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. अंदाजाला आकडा लावायची सवय या मातीत होतीच, फक्त ती पावसाला लावली नव्हती. ओसरीवरच्या दिनदर्शिकेत आता पेन्सिलीने रोज दोन आकडे पडतात, एक त्यांचा, एक माझा. ‘येई वाटस’ म्हणजे दहा आणे आणि ‘येईच’ म्हणजे पंधरा, हे आम्ही आधी ठरवून घेतलं. सोळा कोणी लिहायचे नाहीत.

जूनमध्ये पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करायची की थांबायचं, हा विचार चालू होता. त्या सोमवारी नानांनी दहा लिहिले, मी चार. दुपारी बोरी नदीच्या अंगाने आभाळ भरून आलं, गोठ्याच्या पत्र्यावर ताडताड थेंब वाजले आणि पाऊण तासात ऊन पडलं. नाना म्हणाले, आला. मी म्हणालो, याला पाऊस म्हणत नाहीत. मग लक्षात आलं की आणे ठरवले, पण पाऊस कशाला म्हणायचं हेच ठरवायचं राहिलं होतं. हवामानशास्त्रात दिवसाला २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरतात. दुसऱ्या दिवशी अमळनेरहून एक साधं पर्जन्यमापक आणलं आणि विहिरीजवळच्या खांबाला, झाडांपासून लांब, ठोकून दिलं. सोमवारच्या रकान्यात दोघांच्या आकड्यांपुढे रेघ मारली आणि नोंद मंगळवारपासून धरली.