चॅट्सवर्थची सहल: पहिला पाऊण तास बाहेर का?

"तिकीट आतलं काढलंय, मग नदीकाठी का उभं करता?" इंग्लंडमधल्या डर्बीशायरात चॅट्सवर्थ हा डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचा वाडा आहे. तिथल्या सहलीत हा प्रश्न दर खेपेला येतो, म्हणून हे पत्रक.

बहुतेक मंडळी स्कॉटलंडच्या मेरी राणीची खोली शोधायला आत शिरतात. 1570 च्या आसपास आणि पुढेही तिला इथे अनेकदा नजरकैदेत ठेवले होते, हे खरे. पण ते घर आता नाही. बेस ऑफ हार्डविक ही सोळाव्या शतकातली श्रीमंत उमराव स्त्री आणि तिचे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी 1549 मध्ये ही जमीन घेऊन बांधलेले घर त्यांच्या वंशजाने, म्हणजे चौथ्या अर्लने, 1687 ते 1707 मध्ये एकेक बाजू पाडत नव्याने उभारले. हाच 1694 मध्ये डेव्हनशायरचा पहिला ड्यूक झाला. (नाव डेव्हनशायर, घर डर्बीशायरात. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी नकाशात नीट पाहावे.) खोली शोधण्यात तास जातो आणि 105 एकरांची बाग राहून जाते.

मेरीच्या काळातले जे उरले आहे ते बाहेर आहे: पुलाजवळचा क्वीन मेरीज बॉवर हा डागडुजी केलेला दगडी चौथरा आणि टेकडीवरचा हंटिंग टॉवर हा शिकारीचा मनोरा. शिवाय समोरचे 'नैसर्गिक' कुरणही चौथ्या ड्यूकने केपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराकडून घडवून घेतलेले आहे. हे सगळे खिडकीतून समजत नाही. आमचा पाऊण तास त्यासाठी.

आत गेल्यावर शाही दालने सर्वांत वरच्या मजल्यावर का, असे विचाराल. बेसच्या घरात ती वरच होती, नव्या घरात तीच मांडणी राहिली. ती राजा तिसरा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी सजवली. ही मेरी वेगळी, आणि दोघे कधी आलेच नाहीत.

बागेसाठी दोन तास हवेतच. 1844 चे एम्परर कारंजे ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने रशियाच्या झारसाठी उभारले (तोही आला नाही). त्याला पंप नाही. टेकडीवरच्या तळ्याच्या दाबावर पाणी सुमारे 90 मीटरपर्यंत चढू शकते, पण रोज तेवढे सोडत नाहीत आणि पाऊस कमी असला की बंदही ठेवतात. तेव्हा फोटो मिळेलच, अशी हमी आम्ही देत नाही. पॅक्स्टनने काचघरात वाढवलेल्या केळीला ड्यूकच्या घराण्याचे, कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगावची ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश गटातली.

"आता हे सरकारी आहे का?" नाही. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले तेव्हा वारसा कर 80 टक्के होता. तो फेडताना घराण्याचा दुसरा वाडा, हार्डविक हॉल, सोडावा लागला. चॅट्सवर्थ 1981 पासून धर्मादाय ट्रस्ट चालवतो, कुटुंब भाडे भरून राहते.

बेसचेच घर पाहायचे असेल, तर 1590 च्या दशकातला तो हार्डविक हॉल दुसऱ्या दिवशी जोडून देतो. नोंदणी करतानाच सांगा, आणि सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर तेही. हंटिंग टॉवरचा चढ मग आम्ही वगळतो.