भूमिपुत्र ओळख (ठाणे व नवी मुंबई)

ठाणे शहर, ठाणे-बेलापूर पट्टा आणि पनवेल-उरण परिसर येथे स्थानिकत्वाच्या आधारावर उभी राहिलेली सांस्कृतिक व राजकीय ओळख. या एकाच नावाखाली दोन निरनिराळे दावे वावरतात. पहिला परप्रांतीयांच्या संदर्भात मराठी भाषकांचा. दुसरा आगरी, कोळी व कराडी समाजांचा, आणि तो त्यांच्या जमिनीवर वसलेल्या सर्वच नवागतांच्या संदर्भात, ते मराठी असले तरीही.

दुसऱ्या दाव्याला ऐतिहासिक आधार म्हणून बिंब राजाच्या आगमनाची परंपरा सांगितली जाते. आगरी समाजातील एका समजुतीप्रमाणे त्यांचे पूर्वज मुंगी-पैठणहून बिंबाबरोबर उत्तर कोकणात उतरले. या राजाची मुख्य माहिती महिकावतीच्या बखरीत येते, वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. बखर प्रतापबिंबाचे आगमन शके १०६० च्या (इ. स. ११३८) सुमारास ठेवते. तथापि त्या काळात ठाणे (श्रीस्थानक) ही शिलाहारांची राजधानी होती, हे कोरीव लेखांवरून स्पष्ट आहे. शिलाहार सत्ता यादवांनी सु. १२६५ मध्ये संपुष्टात आणली. त्यामुळे बिंब म्हणजे देवगिरीच्या रामदेवरावाचा पुत्र भीमदेव असावा व तो अलाउद्दीन खल्जीच्या १२९४-९६ च्या सुमाराच्या स्वारीनंतर कोकणात आला असावा, हे दुसरे मत कालगणनेच्या दृष्टीने अधिक सुसंगत ठरते. बखरीत दोन वेगळ्या राजांच्या आठवणी एकत्र गुंफल्या गेल्या असण्याचीही शक्यता आहे. खारभूमीतील भातशेती व मीठ पिकवण्याचे काम कोणत्याही राजाच्या आगमनावर अवलंबून होते, असे मात्र मानण्याचे कारण नाही. स्थानिकत्वाचा दावा करणारा समाज आपले मूळ घाटावर शोधतो, ही विसंगती असली, तरी ती परंपरेला फारशी जाचत नाही. आगरी-कोळ्यांची देवी मानली जाणारी कार्ल्याची एकवीराही घाटमाथ्यावरचीच.

आधुनिक राजकीय ओळख भूसंपादनातून घडली. सिडको या शासकीय शहरविकास महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन अधिसूचित झाली. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्यू पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्याचे फलित मानली जाते. ‘प्रकल्पग्रस्त’ व ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ (गावकऱ्यांनी परवानगीविना वाढवलेली घरे) हे शब्द तेव्हापासून स्थानिक निवडणुकांच्या भाषणांत कायमचे आहेत.

ठाणे शहरात क्रम वेगळा होता. शिवसेना १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि १९६७ मध्येच ठाणे नगरपालिकेत सत्तेवर आली. तिचा भर नोकऱ्यांतील मराठी हक्कावर होता. या मांडणीत सातारा-पाटणहून आलेला माथाडी कामगार भूमिपुत्रच ठरतो. खाडीपलीकडे नवी मुंबईत, मुंबईतील घाऊक बाजारपेठा तुर्भ्याला हलल्यावर तोच कामगार गावकऱ्यांच्या बोलण्यात ‘घाटी’, म्हणजे घाटावरून आलेला बाहेरचा, झाला. दोन्ही दाव्यांतील अंतर सर्वांत स्पष्टपणे २०२१ मध्ये दिसले: नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध प्रकल्पग्रस्तांनी १० जूनला मानवी साखळी केली आणि २४ जूनला, दि. बा. पाटील यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव घातला. पाटील यांच्या नावाचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्ये संमत केला.

आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ व ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो. लग्नात धवलारीण धवले (लग्नविधींची गाणी) गाते. गावदेवीची जत्रा बहुतेक गावांत होते.

ठाण्यातील चेंदणीसारख्या कोळीवाड्यांचा आणि मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांचा उल्लेख या चर्चेत गौण राहतो. ईस्ट इंडियन हे नावही १८८७ मध्ये, म्हणजे ठाण्यातील पोर्तुगीज अंमल संपल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, जाणीवपूर्वक स्वीकारलेले आहे. येऊरच्या डोंगरातील आदिवासी पाडे तर कोणत्याच व्याख्येत सहसा धरले जात नाहीत, कारण नवी मुंबईतील दाव्याचा पाया सातबाऱ्यावरील नाव हा आहे.