स्पर्शकोन आणि पेशींची पकड: पीएलए-पीसीएलवरच्या दोन वेगळ्या गोष्टी

फिल्मला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिला, पाण्याचा थेंब पसरला, म्हणून 'पृष्ठभाग पेशीस्नेही झाला'. पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल), पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) अशा विघटनशील प्लास्टिकवरच्या प्रबंधांत हे वाक्य सर्रास दिसतं आणि ते चुकीचं आहे. थेंबावरून पाण्याचं वागणं कळतं, पेशीचं नाही.

स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, मोजणं बहुतेकांना येतं; तो जितका लहान तितकं पाणी जास्त पसरलेलं. कोरडी फिल्म, 2 ते 5 मायक्रोलिटरचा थेंब, निदान तीन जागी मोजणी. प्रक्रिया न केलेल्या पीएलएवर साधारण 70 ते 80 अंश येतात, ऑक्सिजन प्लाझ्मानंतर कोन बराच उतरतो. इथवर ठीक.

पेशीचं गणित निराळं आहे. पेशी वाढवायच्या माध्यमात सहसा 10 टक्के सिरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) असतं. पेशी तळाशी पोचण्याआधीच सिरममधली प्रथिनं फिल्मवर थर धरतात आणि पेशीचे इंटिग्रिन (पकड घेणारी तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं) पकडतात ते या थरातल्या फायब्रोनेक्टिनला, व्हिट्रोनेक्टिनला. सिरममध्ये सर्वांत जास्त असतं अल्ब्युमिन, त्याला मात्र इंटिग्रिन धरत नाहीत. जलद्वेषी पृष्ठभागावर अल्ब्युमिन घट्ट बसून जागा अडवतं. फायब्रोनेक्टिन बसलंच तरी त्याची घडी बिघडू शकते. बऱ्याच पेशींना मध्यम ओलावा, ढोबळमानाने 40 ते 70 अंशांचा स्पर्शकोन, मानवतो. त्याच्या फार खाली गेलात की पकड पुन्हा सुटू लागते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर बघा: पाणी छान पसरतं, पण प्रथिनं जवळजवळ बसतच नाहीत आणि पेशी धुण्याबरोबर निघून जातात. पेशी चिकटू नयेत म्हणूनच तो मुद्दाम वापरतात. तेव्हा कोन शून्याकडे नेण्याचा हट्ट सोडा.

प्लाझ्माऐवजी कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) वापरला की गोंधळ आणखी वाढतो. तो प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडून पाणी ओढणारे कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल गट उघडे करतो, शिवाय पृष्ठभाग खडबडीत करतो. जलस्नेही पृष्ठभाग खडबडीत झाला की कोन आणखी कमी दिसतो, त्यामुळे सगळी घट रसायनाच्या खात्यावर टाकू नका. पीसीएल 5 मोलर द्रावणात तासन्‌तास टिकतं. पीएलए लवकर झिजतं, त्याला 1 मोलरसुद्धा मिनिटं मोजूनच द्यावं. इलेक्ट्रोस्पिनिंगचे (विजेच्या दाबाने ओढलेले) बारीक तंतू असतील तर मी कॉस्टिक वापरूच नका म्हणेन: जाळीच विरते. नंतर धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा, नाहीतर माध्यमातला फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) गडद गुलाबी होतो.

प्लाझ्मा दिलेली फिल्म त्याच दिवशी वापरा. पीसीएलचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली साखळ्या गोठून बसतात) उणे 60 अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने त्याच्या साखळ्या खोलीच्या तापमानातही हलतात. कोरड्या ठेवलेल्या फिल्मवरचे ध्रुवीय गट आत वळतात आणि कोन परत चढतो.

पकड मोजायची तर प्रक्रिया न केलेली फिल्म आणि पेशीसंवर्धनाचं पॉलिस्टायरिन, दोन्ही शेजारी हवीत. फिल्म 70 टक्के इथेनॉलमध्ये 30 मिनिटं ठेवून बफरने तीनदा धुवा. ऑटोक्लेव्ह नको, पीएलए वाकडं होतं आणि पीसीएल वितळतं. फिल्म तरंगू नये म्हणून निर्जंतुक टेफ्लॉनची रिंग ठेवा. पेशी टाकून 4 तासांनी हलक्या हाताने धुवा. एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायचं रसायन) घालण्याआधी फिल्म नव्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) हलवा. ही पायरी गाळली की वेलच्या तळाला चिकटलेल्या पेशीही रंग देतात आणि वाईट फिल्मसुद्धा उत्तम ठरते. जोडीला अॅक्टिन (पेशीचा सांगाडा घडवणारं प्रथिन) रंगवून पेशी पसरल्यात की गोलच राहिल्यात ते बघा, कारण एमटीटीत गोल राहिलेली जिवंत पेशीही मोजली जाते.