यादीवर सह्या

दोन्हीकडची माणसं बसलेली असतात. पोहे-चहा झालेला असतो, पसंती कळलेली असते. मग कुणीतरी मामा किंवा आत्याचे यजमान म्हणतात, "चला, आता यादी करून घेऊ." फुलस्केप कागद निघतो. वर 'श्री' लिहितात, कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावतात आणि मधोमध रेघ ओढून दोन रकाने पाडतात, वरपक्ष आणि वधूपक्ष. शालू कुणी घ्यायचा, मंगळसूत्र कुणाचं, कार्यालय कुणाकडे, पानं किती, मानाचे आहेर किती, वाजंत्री कुणाची, गुरुजींची दक्षिणा कुणी द्यायची, सगळं एकेक करून कागदावर येतं. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि साखरेची पुडी फुटते.

आपल्याकडे लग्नाचं नियोजन म्हणतात ते याच कागदापासून सुरू होतं. त्याचा माग काढताना मला खर्चाच्या आकड्यांपेक्षा खालच्या सह्यांनी जास्त विचारात पाडलं. खर्च कुणी करायचा हे ठरवताना सही कुणाची घेतली जाते आणि कुणाची नाही, यातच या कागदाचा सगळा इतिहास आहे.

'याद' हा फारसीतून आलेला शब्द मराठ्यांच्या दफ्तरात नित्याचा होता. लग्नाच्या बंदोबस्ताची सर्वांत प्रसिद्ध याद तिथलीच आहे. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न थत्ते घराण्यातल्या रमाबाईंशी झालं. नवरदेवाला अजून नऊ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कारभार नाना फडणीसांच्या हाती होता आणि त्यांनी या लग्नासाठी कामांची तपशीलवार याद काढली. पाहुण्यांचं आगतस्वागत, जेवणावळी, मिरवणूक, वाटेवरचा बंदोबस्त, कोणतं काम कुणाच्या अंगावर, हे त्यांनी आधी लिहून ठेवलं. आज लग्नघरात 'तू स्टेज बघ, तू जेवण बघ' अशी वाटणी होते, तिचंच हे राजवाड्यातलं रूप. त्या यादीत देण्याघेण्याची ओढाताण नव्हती, कारण पैसा दौलतीचा होता. आणि नवरा-नवरी दोघंही इतकी लहान, की त्यांना काही विचारण्याचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नसणार.

साध्या माणसाच्या घरचं लग्नही त्या काळी चार-पाच दिवस चालायचं. खर्चाचा बराच भाग मात्र रोकड्यात होत नसे. मांडव दारातच पडायचा. कुंभार मडकी आणायचा, गुरव पत्रावळी द्यायचा, परीट पायघड्या घालायचा आणि प्रत्येकाला त्याचा मान मिळायचा. मुहूर्ताची वेळ पाण्यावर तरंगणाऱ्या घटिकापात्रावरून मोजायची. तळाला बारीक भोक असलेली ती वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. रोख पैसा लागायचा तो कपडा, दागिना आणि दक्षिणेला, आणि त्यासाठी सावकाराकडे जावं लागायचं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो' हे वाक्य दीडशे वर्षं ऐकवलं जात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, कर्जखतं जाळली गेली आणि दंगा पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या आयोगानेच नोंदवलं की, कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून लग्नसमारंभाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. खर्च ऐपतीच्या मानाने मोठा दिसतो खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात आणि वर्षांच्या हिशोबात ती रक्कम अवाजवी ठरत नाही, असं त्यांचं मत पडलं. गावागावांत अजूनही लग्नाचं कर्ज हा विषय निघाला की मला हा अहवाल आठवतो. ज्याच्या शेतीला भाव नाही त्याच्या लेकीच्या मांडवाकडे बोट दाखवणं फार सोपं असतं.

खर्चाच्या यादीवर पहिला थेट घाव महात्मा फुल्यांनी घातला. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची आणि पहिलं सत्यशोधक लग्न लागलं त्याच वर्षी २५ डिसेंबरला, पुण्यात. पुरोहित नाही, म्हणून दक्षिणा नाही. मंगलाष्टकं मराठीत आणि फुल्यांनी स्वतः रचलेली. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सगळा पूजाविधी पुस्तिकेच्या रूपात छापला, म्हणजे कुणालाही आपलं लग्न आपण लावता यावं. खर्च वाचला ही त्यातली छोटी गोष्ट. त्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, स्त्रियांच्या हक्काची मागणी करते आणि वर तिला उत्तर देतो. इतर मांडवांत जी नुसती अंतरपाटाआड उभी होती, ती इथे अट घालते. मला तर ही तोंडी झालेली पहिली सहीच वाटते.

आता कपड्यांकडे येते, कारण यादीतला सर्वांत रंगणारा भाग तोच. खेड्यापाड्यांत याला 'बस्ता' म्हणतात. बस्ता म्हणजे गाठोडं. 'याद'सारखाच हा शब्दही फारसीतून आला आणि दफ्तरातले कागद बांधायच्या फडक्यालाही बस्ताच म्हणत. बस्त्याला दोन्हीकडची दहा-पंधरा माणसं एकत्र कपड्याच्या दुकानात जातात. पांढऱ्या गादीवर बायका गोल करून बसतात, दुकानातला पोऱ्या ढीग उलगडत जातो. आधी नवरीच्या साड्या, मग नवरदेवाचा पोशाख, मग वरमाईची, करवल्यांची आणि शेवटी आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या आणि मानाचे फेटे. जुन्या चालीचा दुकानदार बांधलेल्या बस्त्यावर हळदकुंकू वाहतो, नारळ ठेवतो आणि मगच बिल पुढे करतो. खरा हिशोब आहेराच्या साड्यांत असतो. नवरीचा शालू एकदाच घ्यायचा, पण आत्या, मावश्या, चुलत्या, विहिणी यांच्या साड्या पन्नासच्या घरात जातात. त्यातली एक जरी हलकी निघाली, तरी तिची आठवण पुढची वीस वर्षं निघते.

नवरीच्या वस्त्रांना क्रम आहे. गौरीहर पुजताना आणि लग्न लागताना मामाकडची पिवळी साडी. तिला 'अष्टपुत्री' म्हणतात ते 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादावरून. पूर्वी ती साधी सुती असे. शालू नंतरच्या विधींना. हा शालू मूळचा बनारसचा. आपल्या घरचं महावस्त्र म्हणजे पैठणी, पैठणची आणि पुढे येवल्याची. नारळी काठ, पदरावर मोर, मुनिया, आसावली. भारी पदर हातमागावर विणायला महिनोन्‌महिने लागतात. त्यामुळे पैठणी बहुतेक घरांत विकत घेण्यापेक्षा आजीकडून नातीकडे येण्याची वस्तू होती. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शहरांत रोजच्या वापरातून नऊवारी सरली, पाचवारी आली आणि नऊवारी लग्नातल्या खास वेळेपुरती उरली. आता तर ती शिवूनच मिळते.

कपडा म्हणजे ऐपत, हा नियम एका जागी जाणीवपूर्वक मोडला गेला. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लग्न कसं लावायचं, हा प्रश्न नवबौद्धांपुढे होता. डॉ. आंबेडकरांनी ४ डिसेंबर १९५६च्या पत्रात त्याचं उत्तर दिलं. होम नको, सप्तपदी नको. वधूवरांच्या मध्ये पाटावर नवं मडकं काठोकाठ पाण्याने भरून ठेवावं, त्यात सुती धागा सोडावा, त्याची दोन टोकं दोघांनी हातात धरावीत, कुणी तरी मंगलसुत्त म्हणावं. दोघांचे कपडे पांढरे असावेत. दोन दिवसांनी बाबासाहेब गेले. मडकं, पाणी, धागा आणि पांढरा कपडा, एवढीच ती यादी होती. इतकी छोटी आणि इतकी भरलेली यादी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

सोन्याच्या रकान्यात सरकारने एकदा मोठी ढवळाढवळ केली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली. अनेक सोनारांचं काम बसलं. १९६८ साली कायदाच झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. सोन्याची हौस त्याने कमी झाली नाही.

हुंड्याचंही असंच. हुंडाबंदी कायदा १९६१चा, १ जुलैपासून लागू. माझ्या आईच्या लग्नाची १९७१ सालची यादी अजून घरात आहे, घड्यांवर विरलेली. वधूपक्षाच्या रकान्यात टेरिलिनचा सूट, घड्याळ, अंगठी, दोन वेळची जेवणं. त्याखाली कुणीतरी 'वरदक्षिणा' लिहून त्यावर काट मारली आहे आणि शेजारी त्याच शाईत 'पोशाख व प्रवासखर्च' असं लिहिलं आहे. आकडा तोच ठेवला. कायदा आमच्या घरात पोहोचला होता, पण शब्दापुरताच. खाली चार सह्या आहेत, दोन्ही आजोबांच्या, आजीच्या भावाची आणि मध्यस्थाची. आई तेव्हा एकवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. ती आतल्या खोलीत बसून एकेक आकडा ऐकत होती.

पुढचा मोठा बदल मंगल कार्यालयांनी केला. वाडे पडले, चाळीत आणि फ्लॅटमध्ये मांडव घालायला जागा उरली नाही. लग्न कार्यालयात गेलं तसं ते एका दिवसात आटोपू लागलं. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, लग्न सकाळी, पंगत, मुलगी सासरी सोपवायची 'झाल', आणि संध्याकाळी खोल्या रिकाम्या करायच्या. बलुत्यांचा मान संपला आणि त्याच्या जागी पानाचा दर आला. नाश्ता धरून इतके, बिनमुहूर्ताच्या दिवशी थोडे कमी. मुहूर्ताला बाजारभाव लागला तो इथे. चातुर्मास सरला आणि तुळशीची लग्नं झाली की पंचांगातल्या त्याच त्या तारखांवर शेकडो घरांचा डोळा असतो, आणि कार्यालयवाल्याला ते आधीच ठाऊक असतं. मग पंचांगात न दिलेले, सोयीने काढलेले 'काढीव मुहूर्त' निघतात.

या सगळ्याला गावांनी आपलं उत्तर शोधलं आहे, 'यादी पे शादी'. यादी करायला जमलेली माणसं म्हणतात, दोघं समोर आहेत, गुरुजी आहेत, मग थांबायचं कशाला? संध्याकाळी तिथेच अक्षता पडतात. सामुदायिक विवाहही त्याच वाटेचे. कोविडने तर हा धडा सक्तीने गिरवायला लावला. एप्रिल २०२१च्या आदेशाने महाराष्ट्रात लग्नाला जास्तीत जास्त २५ माणसं आणि दोन तास, मोडल्यास ५०,००० रुपये दंड. लग्नं तरीही लागली. बंधनं उठल्यावर मात्र प्री-वेडिंग शूट, संगीत, ड्रोन आणि डीजे दुप्पट जोराने परतले. २०२५ साली हुंड्यापायी गेलेल्या एका सुनेच्या बातमीने महाराष्ट्र हादरला, त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नांसाठी आचारसंहिता पुढे आल्या. थोडकी माणसं, डीजे नको, हुंडा नको.

या सगळ्यांत एक यादी मात्र फारशी कुणाला माहीत नाही. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले आणि २ ऑक्टोबरपासून ते लागू आहेत. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी, असं ते सांगतात. वधूला मिळालेल्यांची वधूने, वराला मिळालेल्यांची वराने. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नात्यातला असल्यास नातं. आणि खाली सह्या दोघांच्याच, वधूच्या आणि वराच्या.

माझ्या भाचीचं लग्न या मार्गशीर्षात आहे. परवा तिच्या घरी यादीची बैठक झाली, तेव्हा मी या रकान्यांचा कागद करून नेला होता. मामांनी तो बाजूला ठेवला. चहाचे कप उचलताना भाचीने तो पुन्हा वर काढला, वाचला, पेन मागितलं आणि होणाऱ्या नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली.