विनोदी वन्यजीव छायाचित्र स्पर्धा: गोव्यातून अर्ज करताना कुठे अडतं

‘कॉमेडी वाइल्डलाइफ’ पुरस्कारांचा अर्ज सोपा आहे. संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, विभाग निवडायचा, फोटो चढवायचा. शुल्क नाही, हौशी आणि व्यावसायिक असा भेदही नाही. तरीही आपल्याकडचे चांगले फोटो बाद होतात, आणि कारणं बहुतेक वेळा तीच तीच असतात. म्हणून सोप्या पायऱ्या सोडून देऊन अडचणींबद्दलच लिहितो.

ही स्पर्धा 2015 साली पॉल जॉयन्सन-हिक्स आणि टॉम सलम या दोन छायाचित्रकारांनी सुरू केली. हसलेला माणूस त्या प्राण्याकडे पुन्हा एकदा बघतो आणि मग त्याच्या रानाचं काय चाललंय तेही ऐकून घेतो, हा त्यामागचा विचार. स्पर्धेच्या उत्पन्नातला काही वाटा ‘व्हिटली फंड फॉर नेचर’ या संस्थेला जातो. आसामात हरगिला करकोच्यासाठी गावोगावच्या बायकांना एकत्र आणणाऱ्या पूर्णिमा देवी बर्मन यांना 2017 मध्ये पुरस्कार दिला तो याच संस्थेने. कुरूप म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या पक्ष्याची घरटी असलेली झाडं लोक तोडायचे. आता तेच लोक ती जपतात. हे लक्षात ठेवलं की स्पर्धेचे नियम जाचक वाटत नाहीत.

पहिली अट: प्राणी रानटी आणि मोकळा हवा. कळंगुटच्या वाळूत रवंथ करणारी गाय, शॅकच्या खुर्चीवर ऐसपैस पसरलेला कुत्रा, हे फोटो कितीही झकास असले तरी पाठवू नका. पाळीव प्राणी चालत नाहीत. सगळ्यात जास्त घोटाळा बोंडल्याचा होतो. तिथे अभयारण्य आहे आणि आत प्राणिसंग्रहालयही आहे. कुंपणातल्या अस्वलाचा फोटो ‘बोंडला अभयारण्य’ असं लिहून पाठवला तर पत्ता खरा असतो, पण प्राणी बंदिस्त असतो आणि अर्ज बाद होतो. फोटोतली जाळी कापून टाकली म्हणून काही बदलत नाही. जाणकार परीक्षकाला ते कळतं.

दुसरी अडचण कागदाची, म्हणजे मूळ फाईलची. ती बहुतेकांकडे नसतेच. अर्जाच्या वेळी जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने आटवून तयार केलेली प्रत, चालते, पण अंतिम यादीत आलात की कॅमेऱ्यातली मूळ, हात न लावलेली फाईल मागतात. आपल्याकडे ती पुसून टाकलेली असते, किंवा कॅमेरा पहिल्यापासून फक्त जेपेगवर लावलेला असतो. व्हॉट्सॲपवरून परत मागवलेली प्रत पुरावा म्हणून कामाची नाही, कारण फोटो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही तिच्यातली माहिती गळून गेलेली असते. आजच कॅमेऱ्यात ‘रॉ अधिक जेपेग’ ही सोय चालू करा (रॉ म्हणजेच ती हात न लावलेली मूळ फाईल) आणि मूळ फायली वेगळ्या डिस्कवर ठेवा. घड्याळही तपासा. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की तारीख मागे जाते, आणि मग फोटोवर भलतंच साल येतं. कॅमेरा काकांचा असेल तर त्यात त्यांचं नाव मालक म्हणून भरलेलं असू शकतं. फोटो ज्याने काढला, अर्ज त्याच्याच नावे हवा.

उजेड थोडा वाढवणं, कडा कापणं चालतं. नसलेली वस्तू घालणं किंवा असलेली पुसणं चालत नाही. प्राण्याच्या तोंडातली प्लास्टिकची पिशवी ‘वाईट दिसते’ म्हणून पुसायची तर अजिबातच नाही.

आता परवानगी. इथे मला खरोखर राग येतो, कारण नेमकं काय लागतं हे गेटवर क्वचितच स्पष्ट लिहिलेलं असतं. साधी विभागणी अशी: गेटवर प्रवेशाचे आणि कॅमेऱ्याचे पैसे भरून मिळते ती पावती पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या भागापुरती असते. त्यापलीकडे आत शिरायचं, लपून फोटो काढण्यासाठी लपणी उभारायची किंवा चित्रीकरण करायचं, तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ‘गेटवरचा रक्षक म्हणाला जा’ हे कागदावर येत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, पावत्या जपून ठेवा.

त्याच कायद्यात आमिष दाखवण्याचा समावेश शिकारीच्या व्याख्येत आहे. दूधसागरला माकडापुढे वेफर्सची पिशवी धरून काढलेला फोटो म्हणूनच केवळ वाईट सवयीचा प्रश्न राहत नाही. पोरांनो, हे करू नका. माणसाच्या हातचं खायला शिकलेलं माकड पुढे माणसांवरच धावून जातं, आणि शेवटी त्याचेच हाल होतात.

खरी गंमत बघायला काही घालावं लागत नाही. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, सलीम अली पक्षी अभयारण्यात ओहोटीच्या वेळी शांत बसा. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, तोंड वासून, पाठीवरचे पर ताठ करून एकमेकींवर तुटून पडतात, एकाच मोठ्या नांगीचे खेकडे ती नांगी हलवत राहतात. असा फोटो बघून हसलेल्या माणसाला खारफुटी कशाला राखायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुदतीबद्दल एकच ताकीद. स्पर्धा ब्रिटनमधून चालते, आणि तिथल्या उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. ‘मध्यरात्र’ म्हणजे कुठल्या दिवसाची आणि कुठली, ते त्या वर्षीच्या नियमांत वाचा. तारीख दरवर्षी तीच नसते. 2024 मध्ये ती जुलैअखेर होती. म्हणजे आपला ऐन पावसाळा. वाळपई-सांगे भागात वीज आणि नेट जाण्याचे हेच दिवस, तेव्हा निदान तीन दिवस आधी फोटो चढवून मोकळे व्हा. नंतर मेलच्या स्पॅममध्येही बघत जा. मूळ फाईल मागणारी मेल तिथे पडून राहिली तर यादीतलं नाव हातचं जातं.

मूल अर्ज करत असेल तर पालकांची संमती लेखी तयार ठेवा. आणि पाणमांजराचं बीळ किंवा घरटं टिपलं असेल, तर लोकांत पसरणाऱ्या प्रतीतून ठिकाणाची माहिती आधी काढून टाका. मोबाईल ती आपोआप भरतो, आणि पाणमांजराच्या कातड्यासाठी शिकार होते. मूळ फाईल मात्र तशीच ठेवा.