चिडचिड वयाची की रक्तवाहिन्यांची?

'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की आपण मोकळे होतो. आजोबा चिडले, वय झालं; आजी गप्प झाली, वय झालं. प्रत्यक्षात उतारवयात राग आणि चिंता सरासरीने कमी होतात. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांच्या मते पुढची वर्षं मोजकी आहेत हे उमगलं, की माणूस जवळच्यांत रमतो आणि नको ते वाद टाळतो. म्हणूनच सत्तरीत आठवडेच्या आठवडे टिकणारी खिन्नता दिसली, तर तिचं कारण शोधायलाच हवं.

कारणं पुष्कळ असतात: जोडीदाराचा मृत्यू, सततचं दुखणं, कमी ऐकू येणं, थायरॉईड, ब१२ची कमतरता. पण सगळ्यात दुर्लक्षित कारण मेंदूच्या आत असतं.

भावनांना लगाम घालणं आणि ठरवलेलं काम सुरू करणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. तिथून खोलवरच्या केंद्रांकडे मज्जातंतूंचे जुडगे जातात. त्यांच्यावर मायेलिनचं स्निग्ध आवरण असतं, त्यामुळे संदेश वेगाने धावतो. या जुडग्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. एक अडली तर रक्ताला दुसरी वाट जवळपास नसतेच. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते. प्राणवायू कमी पडला की मायेलिन झिजतं आणि तिथे पाण्याचं प्रमाण वाढतं. एमआरआयमध्ये दिसणारे पांढरे ठिपके बहुतांशी हेच. थोडे ठिपके बऱ्याच ज्येष्ठांत असतात. ते किती आणि कुठे आहेत, याला महत्त्व. ना झटका, ना लुळेपणा, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. १९९७ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज अलेक्सोपौलोस आणि सहकाऱ्यांनी या झिजेतून येणाऱ्या खिन्नतेला 'रक्तवाहिनीजन्य नैराश्य' म्हटलं.

यात डोळ्यांत पाणी क्वचितच दिसतं. वर्तमानपत्र हातात असतं, पण तासभर पान उलटत नाही. "आंघोळीला जाता ना?" विचारलं की "जातो" म्हणतात आणि उठत नाहीत. घरच्यांना हा हट्ट वाटतो. खरं तर उठायचं ठरलेलं असतं, ठरलेलं अंमलात आणणारा संदेशच रेंगाळतो. मग ओरडा बसतो, आणि लगाम सैल झालेला असल्यामुळे राग उसळतो.

झिजलेलं मायेलिन भरून काढणारं 'मेंदूचं टॉनिक' अस्तित्वात नाही. जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवली तर पुढची झीज मंदावते. तपासणीसाठी पंधरा 'हो-नाही' प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, म्हणजे ज्येष्ठांच्या नैराश्याची मोजपट्टी, आहे. पाचपेक्षा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवावं. नैराश्याची गोळी या प्रकारात कधीकधी कमी लागू पडते. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्यामुळे रक्तातलं सोडियम घसरू शकतं, विशेषतः थायाझाइड गटातली लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असेल तर. म्हणून सोडियमची तपासणी सांगितल्यास टाळू नये.

मात्र बदल एक-दोन दिवसांतच झाला, माणूस गोंधळला किंवा झोपाळला, तर ते नैराश्य समजू नका. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध यामुळे आलेला तो डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत घेऊन.